ग्रुप फोटोतला मागचा बाक

मी बाक बोलतोय. वर्गातला साधा बाक नव्हे हं. ग्रुप फोटोत उंच मुलांची मागची रांग ज्याच्यावर उभी राहते ना, तो लांबलचक बाक. सोलापुरात गिरणीच्या चाळींमागे आमचं हायस्कूल आहे, आणि मी शाळेइतकाच जुना आहे. मुख्याध्यापक किती आले, किती गेले, मी आपला हितंच. तेव्हा जरा तोऱ्यात बोललो तर चालवून घ्या.

माझा जन्म गिरणीच्या सुतारखात्यात झाला. शाळा निघाली तेव्हा गिरणीनं जुन्या मागांच्या सागवानी लाकडाचे बाक करून भेट दिले. त्यांतला मी शेवटचा. चौथा पाय ठोकून झाला, आता तो बाकीच्यांशी जुळवायचा, तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला. सुतारानं हत्यारं खाली ठेवली, डबा उचलला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच हातगाडी आली, मी तसाच शाळेत. तेव्हापासून माझा उजवा मागचा पाय बोटभर आखूड आहे. त्याखाली लोकांनी खापरी कोंबली, पुठ्ठे कोंबले, वहीची पानं कोंबली. एकदाच बसून नीट दुरुस्त करायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

एरवी वर्गात मला दाराशी भिंतीला लावलेलं असायचं. १९६४ साली माझ्यावर दोन मुली येऊन बसल्या, शमशाद आणि चंद्रव्वा. मुलांनी भरलेल्या शाळेत मुली म्हणून या दोघीच. शमशादचे वडील टांगा चालवायचे. मुख्याध्यापक त्यांच्याच टांग्यातून शाळेत यायचे. एके दिवशी वाटेत तेच म्हणाले, पोरगी हुशार आहे तर घाला की आमच्याकडे आठवीला. चंद्रव्वा कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. तिचा मामा गिरणीत कामाला होता, त्याच्याकडे ती राहायची. तिला मराठी धड येत नव्हतं, शमशादला कन्नड अजिबात नाही. सुरुवातीला एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मग मधल्या सुटीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मधे ठेवून दोघी हळूहळू सरकत जवळ आल्या. पुढं त्यांच्या गप्पांनी मास्तर हैराण झाले, ती गोष्ट वेगळी.

दरवर्षी जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा, उरकली की शाळेचा ग्रुप फोटो निघायचा. अजिनाथ फोटोग्राफर तीन पायांचा कॅमेरा घेऊन यायचा आणि चार पोरं मला उचलून मैदानात नेऊन ठेवायची. लहान मुलं जमिनीवर, शिक्षक खुर्च्यांवर, त्यांच्यामागे एक रांग उभी, आणि सगळ्यांत मागे माझ्यावर उंच मुलं. त्या वर्षी अजिनाथनं काळ्या कापडात डोकं घालून "हलू नका" म्हटलं आणि नेमका माझा आखूड पाय खाली बसला. मागची दोन मुलं पुढच्यांना घेऊन गणिताच्या मास्तरांच्या अंगावर. फोटो वाया गेला.

मुली फोटोत नव्हत्याच. मुलामुलींचा एकत्र फोटो बरा दिसत नाही, मुलींचा वेगळा काढू, असं मुख्याध्यापकांनी आधीच सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता, मुलींना शाळेत आणलं ते त्यांनीच. पण तो काळच तसा होता. दोघी भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. मुख्याध्यापकांचं तिकडे लक्ष गेलं आणि ते म्हणाले, "रिकाम्याच आहात तर बाक धरा."

दोघी माझ्यामागे, उंच मुलांच्या पायांआड खाली बसल्या. शमशादनं डावं टोक धरलं, चंद्रव्वानं उजवं. असं घट्ट धरलं की मी जागचा हललो नाही. फोटो छान आला. मुलींचा वेगळा काढायचा तर तोवर अजिनाथनं सामान आवरलं होतं. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढची दोन वर्षंही तेच. मग दोघी अकरावी मॅट्रिक होऊन गेल्या आणि त्यांच्यानंतर कितीतरी वर्षं शाळेत एकही मुलगी आली नाही. मला फार चुकल्यासारखं व्हायचं.

पुढं लोखंडी बाक आले आणि माझी रवानगी गोदामात झाली. गणपतीची मखरं, फाटके तंबू, उंदीर यांच्या सोबतीनं राहिलो. ते सांगत बसत नाही.

आता शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली. माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, शाळेचा इतिहास लिहायचा आणि मेळावा भरवायचा. समितीचे प्रमुख प्रभुलिंग, मॅट्रिक १९७३. कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलणं नाही. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती, म्हणून त्यांनी घराघरांतून ग्रुप फोटो मागवले. फोटोत दिसला तो आपला विद्यार्थी, असा नियमच केला. उत्कर्षा नावाची अलीकडच्या बॅचची मुलगी ते फोटो लॅपटॉपवर घ्यायची. दर रविवारी चित्रकलेच्या खोलीत बैठक भरायची. बसायला कमी पडलं म्हणून मला गोदामातून काढून पुसून ठेवलं. कितीतरी वर्षांनी अंगावर माणसं बसली, बरं वाटलं.

समितीनं लिहिलं की मुलींना प्रवेश १९७४ पासून. प्रभुलिंगांचीही चूक नव्हती. त्यांनी शाळेत मुलगी पाहिलीच नव्हती आणि जुन्या फोटोंतही एकही नव्हती.

ते पान व्हॉट्सअॅपवर फिरलं आणि पुढच्या रविवारी शमशाद हजर. आता सत्तरी ओलांडलेली, मोहोळला शिक्षिका होऊन निवृत्त झालेली. आवाजावरून मी लगेच ओळखलं. तिनं सांगितलं की ते पान चुकलंय, आम्ही दोघी इथं शिकलो. प्रभुलिंगांनी आदरानं विचारलं, दाखला आहे का? दाखला तेव्हाच अध्यापक विद्यालयात जमा झाला होता. मग फोटोत कुठं आहात? फोटोत नव्हती. शेवटी त्यांनी तिच्या वर्गातल्या सोमशेखरना बार्शीला फोन लावला. मॅट्रिकपर्यंत दरवर्षी माझ्यावर उभा राहिलेला हा गडी! स्पीकरवरून म्हणाला, "मुली? आमच्यात? नसाव्यात हो."

माझ्या फळ्या तडकतील असं वाटलं मला. अरे, तुझ्याच पायाखाली होत्या की त्या!

शमशाद म्हणाली, "मला एक वेळ पुस्तकात घालू नका. पण चंद्रव्वा मागच्या वर्षी गेली. सोलापूरच्या हायस्कुलात शिकले म्हणायची, तर तिची नातवंडं हसायची. आता मी पण गेले की सांगणारं कोण राहिलं?"

प्रभुलिंगांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण नियम म्हणजे नियम. ती माझ्यावरून जायला उठली. तिचं वजन उठलं तसा मी सवयीनं कललो आणि दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसलेली उत्कर्षा घसरायला लागली. शमशादनं मागे न बघताच हात नेला आणि माझं टोक दाबून धरलं.

"हा अजून लंगडतोच हाय की," ती म्हणाली.

तुम्हाला कसं ठाऊक, असं उत्कर्षानं विचारलं. तेव्हा शमशादनं फोटोच्या दिवसाची सगळी हकिगत सांगितली. उत्कर्षानं १९६६ चा फोटो उघडला. आजवर सगळ्यांनी त्यातले चेहरेच मोठे करून पाहिले होते. तिनं माझं डावं टोक मोठं केलं. फळीवर चार बोटं होती. मग उजवं टोक. तिथं एक हात, मनगटाजवळ गोंदण.

शमशादनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यावरच्या गोंदणावर हात ठेवून म्हणाली, "ही चंद्रव्वा. दुधनीला तिच्या आजीनं गोंदवलं होतं." आणि रडली.

चारही वर्षांच्या फोटोंत तेच दोन हात निघाले. प्रभुलिंगांनी चष्मा पुसला, पेन काढलं आणि ते १९७४ चं वाक्य स्वतः खोडलं. चंद्रव्वाच्या हाताचा तो फोटो सोमशेखरलाही पाठवला. फोटोत तो त्या हाताच्या बरोबर वर उभा होता. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, की मेळाव्याला मी येतो.

मेळावा गड्ड्यानंतरच झाला. ग्रुप फोटोसाठी मला पुन्हा मैदानात आणलं. शमशादसाठी मधली मानाची खुर्ची ठेवली होती. ती म्हणाली, खुर्ची नको, मी बाकावर उभी राहणार. सगळे म्हणाले, बाई, पडाल, या वयात कशाला?

"मग धरा की," ती म्हणाली. "दोघं लागतात."

सोमशेखर मागे गेला आणि गुडघे सांभाळत माझ्या उजव्या टोकाशी खाली बसला. तरुण पोरं पुढं झाली, तर त्यानं मान हलवली. डाव्या टोकाशी प्रभुलिंग बसले. उत्कर्षानं हात दिला आणि शमशाद वर चढली. फोटोग्राफर तयार झाला, तशी ती खाली वाकून म्हणाली, "सोमशेखर, नुसता हात टेकवू नको. वरून दाबून धर." त्यानं धरलं. मी हललो नाही.

पुस्तक निघालं. १९६६ च्या फोटोखाली छापलंय, 'बाक धरलेल्या : शमशाद, चंद्रव्वा.' एक प्रत दुधनीला गेली. चंद्रव्वाच्या नातीचा शमशादला फोन आला. म्हणाली, आम्ही उगाच हसलो हो, आजी खरंच सांगत होती.

मी आता शाळेच्या व्हरांड्यात असतो. पाय आखूड आहे तसाच आहे. तुमच्याकडे शाळेचा जुना फोटो असेल तर एकदा काढा. चेहरे ओळखून झाले की बाकाच्या दोन्ही टोकांना बघा. तिथं कुणाचा हात दिसला, तर ओळखणारं माणूस हयात आहे तोवर विचारून घ्या आणि खाली नाव लिहा.