पान एकशे बारा

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, आडव्या रेघांची, दोऱ्याने शिवलेली. सध्या ग्रंथालयाच्या टेबलाच्या खालच्या खणात पडून असते. माझ्यावर फाटक्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवलेला आहे, त्यामुळे माझा कणा डावीकडे थोडा वाकला आहे.

माझ्याबरोबर छापखान्यातून आलेली एक वही हजेरीला लागली, दुसरी टपालाच्या नोंदींना. मला मात्र भयकथा आणि विज्ञानकथांच्या रॅकला सुतळीने बांधलं गेलं. शेजारी दुसऱ्या सुतळीला एक पेन. माझ्या पहिल्या पानावर ग्रंथपाल बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘सध्या काय वाचताय ते लिहा. कितव्या पानावर आहात ते लिहा. शेवट लिहू नका.’

या रॅकचे वाचक जरा वेगळेच. प्रवासवर्णनं वाचणारे पुस्तक नेतात, आणून देतात, गप्प असतात. पण भ्यालेल्या माणसाला ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी सगळे माझ्याभोवती जमत. खरं नाव कोणीच लिहीत नसे. रसायनशास्त्र शिकणारी एक मुलगी सहीच्या जागी कवटी काढायची, म्हणून ती कवटी. इस्पितळातली एक परिचारिका ड्यूटीवर जाताना डोकावायची, ती दुपारपाळी. आणि घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवून निवृत्त झालेले एकजण होते, ते घड्याळकाका.

काकांचे आकडे मला फार आवडत. त्यांचा एक कधी नऊसारखा दिसला नाही. प्रत्येक आकडा बरोबर रेघेवर बसायचा. आठवड्याला एक पुस्तक ते सहज संपवत आणि शेरा मारत, ‘भूत ठीक, पण घड्याळात तेराचा ठोका पडत नाही. लेखकाने चौकशी करायला हवी होती.’ ते वाचून कवटी एकटीच हसत बसायची.

एका शुक्रवारी खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढून उठताना काकांचं डोकं रॅकच्या कोपऱ्यावर आपटलं. रक्त आलं नाही. त्यांनी डोकं चोळलं आणि माझ्यात लिहिलं, ‘रॅकने टपली मारली. खालच्या कप्प्यात कोणीतरी राहतं.’ खाली कवटीने लिहिलं, ‘त्यालाही वाचू द्या की, काका.’

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी ‘तोच मंगळवार’ नावाची कादंबरी नेली. दूरच्या अंतराळस्थानकावर एकटा राहणारा तंत्रज्ञ रोज उठतो तेव्हा मंगळवारच असतो, अशी ती गोष्ट. पहिल्या आठवड्यात काका पान एक्केचाळीसवर होते. दुसऱ्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशीवर. तिसऱ्या आठवड्यात एकशे बारावर. चौथ्या आठवड्यातही एकशे बारा.

पाचव्या आठवड्यात पुन्हा एकशे बारा लिहिलं गेलं, तेव्हा रॅकभोवती आनंदीआनंद झाला. काका गोष्टीतल्या तंत्रज्ञासारखे वेळेत अडकल्याचं नाटक करताहेत, असं सगळे धरून चालले. दुसऱ्या कुठल्या रॅकवर ही चूक झाली नसती. पाककृतींच्या पुस्तकात कोणी तीन आठवडे एकाच पानावर असता, तर कोणीतरी विचारलं असतं, ‘बरं वाटत नाही का?’

पेनाचा दाब मात्र मला सर्वांत आधी कळतो. काकांचा दाब वाढला होता. आकडे रेघेखाली उतरू लागले होते आणि ओळ उजवीकडे घसरत होती. पण वहीला काय, लिहिलेलं तेवढं धरून ठेवता येतं.

त्याच दिवशी कवटीने विचारलं, “काका, आज वार कोणता?”

“मंगळवार,” काका म्हणाले.

“बघा, बघा. चेहराही हलत नाही यांचा.”

दुपारपाळी पोट धरून हसली. “काका, तुम्हाला नाटकातच घ्यायला हवं होतं.”

काकाही हसले. सगळे हसताहेत म्हणून हसले, हे मी अगदी जवळून पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनीच आपापल्या पुस्तकापुढे ११२ लिहिलं. माझं एक अख्खं पान त्या एका आकड्याने भरून गेलं. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. बाई नव्या सभासदांना ते पान उघडून दाखवत. खोटं कशाला बोलू, मीही फुशारले होते. त्याच पानाच्या तळाशी काकांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, ‘मी हे आधी लिहिलंय का?’

खाली कवटीने लिहिलं, ‘हो. आणि पुढच्या शुक्रवारीही लिहाल.’

पुढच्या शुक्रवारी काका आले नाहीत.

त्यानंतरच्या बुधवारी एक बाई ‘तोच मंगळवार’ हातात घेऊन आली. ती काकांची मुलगी. नोकरीसाठी लांबच्या शहरात राहायची, दर रविवारी फोन करायची. काका फोनवर “मी मजेत आहे” म्हणायचे. दोन दिवसांपूर्वी ते न्हाणीघरात पडलेले सापडले होते.

“डॉक्टर विचारताहेत, हे कधीपासून आहे, डोक्याला मार लागला होता का,” ती म्हणाली. “मला काहीच सांगता येईना. या पुस्तकावर तुमचा शिक्का दिसला.”

ग्रंथपाल बाईंनी सुतळी सोडून मला तिच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. टपलीची तारीख. अठ्ठ्याऐंशी. एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा. मग ते भरलेलं पान आणि कवटीचं उत्तर. तिने प्रत्येक पानाचा फोटो घेतला आणि मला मिटून परत दिलं. पुस्तक मात्र बरोबर नेलं.

शुक्रवारी दुपारपाळीने सगळ्यांना समजावलं. काकांच्या डोक्यात, हाडाखाली आणि मेंदूच्या वर, थेंब थेंब रक्त साठत गेलं होतं. वयस्कर माणसाला साध्या धक्क्यानेही असं होतं आणि कळायला कित्येक आठवडे लागतात. आकडा पहिल्यांदा अडला तेव्हाच कोणी दवाखान्यात नेलं असतं, तर ते रक्त काढून टाकता आलं असतं. काका बहुतेक चालत घरी आले असते. आता शस्त्रक्रिया झाली होती, पण उशीर झाला होता.

“मी वॉर्डात रोज विचारते, वार कोणता,” ती म्हणाली. “उत्तर चुकलं की डॉक्टरांना हाक मारते. रोज. आणि इथे मी हसले.”

कवटीने मला ओढून घेतलं आणि ते पान फाडायला लागली. वरचा कोपरा तेवढा फाटला. ग्रंथपाल बाईंनी तिचा हात धरला.

“फाडू नकोस, पोरी. राहू दे ते.”

मुलगी दोनदा पुन्हा आली. काका डोळे उघडत नव्हते, पण ती इस्पितळात त्यांच्याजवळ बसून एकशे बाराव्या पानापासून मोठ्याने वाचत होती. पहिल्या वेळी तिने माझ्यात लिहिलं, ‘बाबा, तोच मंगळवार, पान ११९.’ दुसऱ्या वेळी, ‘बाबा, तोच मंगळवार, पान १३१.’

पुस्तक दोनशे सव्वीस पानांचं आहे. तिसऱ्या वेळी ती ते परत करायला आली. एकशे एकतिसाव्या पानात घड्याळाचा जुना चामडी पट्टा खूण म्हणून होता. तो तिने काढून पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे वळली नाही.

त्या रॅकचे वाचक आता फोनवर एकमेकांना काय वाचतोय ते कळवतात. कवटी त्यात नाही. पेन वाळलं, म्हणून बाईंनी ते टाकून दिलं. माझी त्रेसष्ट पानं कोरी आहेत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. वहीचं काय, आज ना उद्या रद्दीत जाईल. पण तुमच्या ओळखीचं कोणी पुन्हा पुन्हा त्याच पानावर दिसलं, तर आधी जवळ जाऊन बसा. आज वार कोणता, एवढंच विचारा. आणि ते चुकीचा वार सांगून हसले, तर तुम्ही हसू नका.