गरम गिऱ्हाईक

आर्गेन आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या पायात पांढरेशुभ्र बूट होते. आमच्या अंगणात लोकर पिंजतात, तिचा ओला नमदा तुडवतात, लाकडाच्या जाळ्यांना तांबडा रंग देतात. असल्या जागी पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर फार भोळा असतो, नाहीतर त्याला अंगणात पाऊलच टाकायचं नसतं. आर्गेन भोळा नव्हता.

बिश्केकच्या उत्तरेला, दोर्दोय बाजाराच्या पलीकडे, माझा धाकटा भाऊ तुर्सुनाली आणि मी बोझ-उय बनवतो. नमद्याची ही गोल घरं आम्ही विकतो थोडी, भाड्यानं देतो जास्त. लग्नाला, पर्यटकांच्या तळांना आणि मयतीला. माणूस पाचव्या मजल्यावर मेला तरी त्याला खाली अंगणात उभारलेल्या बोझ-उयमध्येच निजवायचं असतं. त्यामुळे आपल्या धंद्याला मरण नाही, असं तुर्सुनाली म्हणतो आणि स्वतःच हसतो.

वेबसाइट आमची होतीच. फोटो, भाडं आणि माझा फोन नंबर. ज्याला हवं तो फोन करी, मी उचलत असे. पण तुर्सुनाली एका हॉटेलात कसलंसं व्याख्यान ऐकायला गेला आणि येताना आर्गेनला घेऊन आला, जसं कुणी बाजारातून न लागणारा कुत्रा घेऊन येतं.

मी चहा ओतला. तळलेल्या बोर्सोकांची थाळी पुढं सरकवली. त्यानं एकही उचलला नाही. मैदा खात नाही म्हणाला.

"बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तसं तो तुर्सुनालीला म्हणाला, "रोज शेकड्यांनी माणसं तुमच्या साइटवर येतात. फोन करतात चार-पाच. बाकीची जातात कुठं?"

"आपापल्या घरी," मी म्हटलं.

माझी कीव आल्यासारखा तो हसला आणि मोठ्या बहिणीला समजवावं तसं म्हणाला, "एजे, येणारा माणूस हा नुसता येणारा नसतो. तो गिऱ्हाईकच असतो, फक्त त्याला ते अजून कळलेलं नसतं. ते त्याला कळवणं हे माझं काम. ह्यालाच लीड म्हणतात."

तुर्सुनालीनं माझ्याकडे वळून पाहिलं. मोठ्या बहिणीपेक्षा शहाणं माणूस सापडल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात आमच्या साइटच्या कोपऱ्यात एक मुलगी उगवली. कानाला यंत्र, सगळे दात दाखवणारं हसू, आणि खाली लिहिलेलं: 'आयदाना आपल्या सेवेत हजर आहे.'

"ही कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही. पण साइटला चेहरा आला की नाही?"

त्या चेहऱ्यामागं बसवली बुरुलला. बुरुल आधी बालवाडीत शिकवायची. बालवाडी बंद पडली म्हणून आमच्याकडे आली. आवाज असा मऊ की रडणारं पोर गप्प व्हावं. आर्गेननं तो आवाज ऐकला आणि तो फुकट वाया चाललाय असं त्याला वाटलं. त्यानं तिला बोलायची वाक्यं लिहून दिली. कुणी नाही म्हटलं तर काय म्हणायचं, विचार करतो म्हटलं तर काय, शिवी दिली तर काय, सगळं त्यात होतं. शिवी देणाऱ्याला 'तुमची भावना मी समजू शकते' असं म्हणायचं होतं.

मग आली ती पडदा टाकणारी खिडकी. साइटवरून निघायला लागलं की सगळं झाकून टाकायची आणि म्हणायची: 'थांबा! कुठं निघालात? नंबर द्या, दहा टक्के सूट घ्या.' लोकांनी तिच्या तावडीतून सुटायला हाताला येईल ते लिहिलं. एकानं नावाच्या जागी 'चालता हो' आणि आडनावाच्या जागी 'इथून' असं टाकलं. आर्गेननं त्यालाही लीड म्हणून मोजलं. बुरुलनं बिचारीनं त्यानं दिलेल्या नंबरवर फोन करून 'चालता हो इथून साहेब आहेत का?' असं अदबीनं विचारलं. तो नंबर गुरांच्या दवाखान्याचा निघाला. तिथला डॉक्टर म्हणाला, "मुली, आज हा तिसरा फोन. तुम्हाला नक्की कुणाला टोचून घ्यायचंय?"

आम्ही बायका हसून हसून नमद्यावर पडलो. आर्गेन हसला नाही. असल्या माणसांना हसू येत नाही. त्यांना फक्त आकडे येतात.

"नंबर मागून चालणार नाही," तो तुर्सुनालीला म्हणाला. "न मागता मिळवायला हवा."

आणि खरंच तसं मिळतं. कुठल्याशा कंपनीला दरमहा पैसे भरले की तुमच्या साइटवर कोण डोकावून गेलं त्याचा फोन नंबर तुमच्या हाती पडतो. त्या माणसानं एक अक्षर लिहिलं नसलं तरी.

"कुणी कुंपणावरून अंगणात बघितलं, म्हणून त्याच्या मागं घरापर्यंत जायचं?" मी विचारलं. "हे कायद्यात बसतं?"

"सगळेच करतात, एजे."

"सगळेच करतात असं आजवर मला फक्त घोडेचोरांनी सांगितलंय."

तुर्सुनाली मधे पडला. "तुला नवीन काही नकोच असतं, एजे. तुझ्या हातात असतं तर आपण अजून उंटावरून डिलिव्हरी केली असती."

आर्गेननं भिंतीवर एक पडदा लावला. त्यावर माणसं तीन रंगांत दिसायची. एकदा येऊन गेलेला तो थंड. पुन्हा आलेला तो कोमट. एकाच पानावर घुटमळणारा तो गरम. गरमाला लगेच गाठायचं, नाहीतर तो थंड होतो.

"पोरा," मी म्हटलं, "मयतीच्या पानावरचा माणूस थंड होतो तेव्हाच तो आपलं गिऱ्हाईक होतो."

हा विनोद त्यानं वहीत उतरवून घेतला. चांगलं वाक्य आहे म्हणाला.

त्यानंतर ते घडलं. वसंतातली सकाळ होती, आम्ही उन्हात लोकर वाळत घातली होती. बुरुल ऑफिसातून बाहेर आली, दारातल्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तिच्या शेजारी बसले. तिनं काय झालं ते सांगितलं.

पडद्यावर एक नंबर तांबडा झाला होता. मयतीच्या पानावर पुन्हा पुन्हा आलेला. आर्गेन म्हणाला, हा लाव. तिनं लावला. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. तिनं कागदावरचं वाक्य म्हटलं: "नमस्कार, आपण आमचं शोकाचं बोझ-उय पाहत होतात. कुणासाठी हवं आहे?"

"मी? मी काही पाहिलं नाही. हा माझ्या मुलाचा फोन आहे. चार्जिंगला लावून तो औषधं आणायला गेलाय."

इथं फोन ठेवायला हवा होता. पण कागदावर पुढचं वाक्य होतं, आणि आर्गेन समोर उभा राहून हातानं 'चालू ठेव, चालू ठेव' करत होता. बुरुल म्हणाली, "ह्याच नंबरवरून काल पाहिलं होतं, परवाही पाहिलं होतं. ह्या आठवड्यात नोंदवलंत तर दहा टक्के सूट आहे."

मग म्हातारा म्हणाला, "ह्या घरात मरण्याजोगा मी एकटाच आहे, पोरी."

आमच्याकडे आजाऱ्याला त्याचा आजार सांगत नाहीत. डॉक्टर मुलाला बाजूला घेतो, मुलगा बापाला सांगतो की पोटात अल्सर आहे, पथ्य पाळलं की बरं वाटेल. वाईट असेल ही रीत, चांगली असेल. पण ती मोडायचा हक्क दहा टक्के सूट देणाऱ्याला नाही.

मी आत गेले. आर्गेन पडद्यासमोर उभा होता. "त्यानं फोन कापला नाही, एजे! बोलणं किती लांबलं बघा. पुन्हा लावायला हवा."

"तू पुन्हा लावलास तर तो फोन मी तुला गिळायला लावीन," मी म्हटलं. तुर्सुनाली खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला लाज वाटली की तो बाहेर बघतो. लहानपणापासून त्याची ही सवय आहे. दुसऱ्यानं काहीतरी करावं अशी वाट बघत तो बाहेर बघतो.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी टॅक्सी थांबली. पांढरी उंच नमद्याची टोपी, अंगावर ढगळ झालेला कोट आणि हातात काठी घेतलेला एक म्हातारा उतरला. एकटाच. जोल्दोश त्याचं नाव. ओशच्या घाटरस्त्यावर त्यानं हयातभर ट्रक चालवले होते. ते त्यानं सांगायच्या आधीच कळत होतं. मोठ्या इंजिनाच्या वरताण बोलायची सवय असलेला तो आवाज होता, फक्त इंजिन बंद पडलं होतं.

"तो मयतीचा तंबू कुठंय?" त्यानं विचारलं. "मला बघायचाय."

मी काही बोलायच्या आत आर्गेन धावत आला. पांढऱ्या बुटांनी, लोकरीतून. "या, अता, या! आपण स्वतः आलात, फार आनंद झाला. आमच्याकडे तीन प्रकार आहेत, साधा, मानाचा आणि..."

"मी मरणार हे माझ्याआधी ज्याला कळलं तो तूच काय?"

"आम्ही गिऱ्हाईकाची गरज ओळखतो, अता."

म्हाताऱ्यानं त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तुझा बाप आहे?"

"आहे. कारा-बाल्ताला असतो."

"तो कशानं मरणार आहे ते तुझ्या पडद्यावर दिसतं का? नाही? मग त्याला फोन कर आणि विचार. जा. गरज ओळख."

आर्गेन हसत राहिला. तोंडावर हसू गोठलं होतं, पण पाय मागं सरकत होते.

मी अताला उभारून ठेवलेल्या बोझ-उयमध्ये नेलं. तो आत डाव्या अंगाला गेला, जिथं पुरुषाला निजवतात तिथं, आणि हळूच खाली बसला. भिंतीवरून हात फिरवला. वरच्या गोल झरोक्यातून आभाळ दिसत होतं. बराच वेळ तिकडं बघत राहिला. मी चहा आणला. त्यानं मैदा खात नाही वगैरे काही म्हटलं नाही. बोर्सोक चहात बुडवून खाल्ला.

"मला माफ करा, अता," मी म्हटलं.

"कशाबद्दल? निदान तुम्ही तरी खोटं बोलला नाहीत, असं मी म्हणेन अशी आशा आहे ना तुला? म्हणणार नाही. कुत्रा भुंकला आणि चोर सापडला, म्हणून कुत्र्याला सत्यवादी म्हणत नाहीत. माझ्या पोरानं मला अल्सर सांगितला. मला ठाऊक होतं की अल्सर नाही. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. असं आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत चाललो होतो. त्यात तुम्ही दगड मारलात."

तेवढ्यात त्याचा मुलगा सामात आला. शोधत शोधत आला असणार. तोंड पांढरं पडलेलं, हातांच्या मुठी वळलेल्या. ऑफिसाकडे निघाला होता. आर्गेन कपाटामागं गेला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बोझ-उयच्या दारातून बाप दिसला तसा सामात थांबला.

"बाबा, घरी चला."

"बस."

"बाबा, मी ते नुसतंच... एका मित्रासाठी बघत होतो."

"खोटं बोलायला तुझ्या आईकडून तरी शिकायचं होतंस. ती छान बोलायची. बस इथं."

सामात उंबऱ्याशीच बसला आणि त्या भल्या दांडग्या माणसाला रडू फुटलं. म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की काही नाही. आपली चहाची वाटी त्याच्यापुढं सरकवली. मी बाहेर आले. बाहेरच्या बायकांनी लोकर झोडपणं थांबवलं होतं.

किती वेळानं ते बाहेर आले कोण जाणे. म्हातारा मला म्हणाला, "नमदा चांगला आहे, बाई. हातचं काम आहे. पण मी तुमच्याकडून घेणार नाही. कोचकोरला माझ्या भावाकडे बोझ-उय आहे, बापाच्या वेळचं. आम्ही उद्या तिकडं जातोय. आता कळलंच आहे सगळ्यांना, तर शहरात लपून कशाला मरू?"

सामातकडून पुढं कळलं की म्हातारा सगळा उन्हाळा जगला. कुरणात भावाबरोबर बसून घोडीचं आंबवलेलं दूध, कुमीस, प्यायला, जुन्या भांडणांतली दोन मिटवली, एक मुद्दाम ठेवलं.

मी तुर्सुनालीला म्हटलं, ह्या आर्गेनला आजच काढ. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, करार वर्षाचा आहे, एजे. तेव्हा मी स्वतः गेले, भिंतीवरचा पडदा उतरवला आणि लोकर धुवायच्या हौदात टाकला. नंबर पकडणाऱ्या कंपनीचे पैसे भरणं बंद केलं. तिजोरीची किल्ली माझ्याकडे असते. बुरुलनं नोकरी सोडली. तिनं घरातच शेजाऱ्यांची चार पोरं सांभाळायला घेतली आहेत. फोन वाजला की अजून दचकते.

आर्गेनला मात्र कुणी काढलं नाही. तो स्वतःच गेला, जास्त पगारावर, अल्माटीला, खिडक्या विकणाऱ्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत.

परवा तुर्सुनालीनं मला त्याचं व्याख्यान फोनवर दाखवलं. मोठं सभागृह, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण पोरंपोरी, आणि मंचावर आर्गेन. सांगत होता, "आमचा एक ग्राहक. अत्यंत नाजूक विषय. आम्ही एक फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस स्वतःच्या पायांनी आमच्याकडे आला. स्वतःच्या पायांनी!" टाळ्या झाल्या. कुणीतरी विचारलं, मग व्यवहार झाला का? आर्गेन म्हणाला, "दुर्दैवानं भावात स्पर्धक सरस ठरला."

"पण बोलतो काय झकास, नाही?" तुर्सुनाली म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तू बाहेर बघ. आणि जाऊन लोकर उलटायला लागले. खालची बाजू अजून ओली होती.