चिमणी एकटी उडाली तो दिवस

मित्रांनो, मी एक जुने, दोन आसनांचे विमान आहे. मी कधी प्रवासी नेले नाहीत. माणसांना उडायला शिकवणे, हेच माझे काम.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या अंगाला ताज्या रंगाचा वास येत होता. उड्डाणशाळेत शिकवणाऱ्या मास्तरांनी मला ताब्यात घेतले. मास्तर फटकळ होते. पण उड्डाणाआधी माझ्याभोवती फेरी मारताना ते पंखांवरून फार मायेने हात फिरवत. नव्या विद्यार्थ्यांना सांगत, "इंजिन नुसतं पुढे ओढतं, तोलून धरतात ते पंख. नाक फार वर काढलंत तर वारा पंखांना धरून वाहत नाही आणि विमान कोसळतं. जीव घाबरला तरी नाक खाली!"

त्यांच्या शिष्यांत एक ठेंगणी परिचारिका होती. उशी घेतल्याशिवाय तिला समोरचे दिसत नसे, म्हणून मास्तर तिला चिमणी म्हणत. तिच्या उडण्यावरून घरी आईने अबोला धरला होता. चिमणी पहिल्यांदा एकटी उडणार, त्या दिवशी मात्र आई कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

हवा दमट होती. मास्तर उतरले, भार हलका झाला आणि मी झपकन वर गेले. चिमणी स्वतःशीच हसली. एक फेरी मारून उतरायला धावपट्टीकडे वळताना तिने इंजिनाचा जोर कमी केला. दमट हवेत अशा वेळी इंजिनात बर्फ धरू नये म्हणून गरम हवेचा दांडा ओढायचा असतो, ते मात्र राहून गेले. इंजिनाला हवा पुरवणाऱ्या माझ्या श्वासनळीत बर्फ साचला. इंजिन खोकले आणि बंद पडले.

सगळीकडे सामसूम. घाबरून तिने नाक वर ओढले. धोक्याचा भोंगा रडू लागला, माझे पंख थरथरले. मित्रांनो, मला वाटले, संपले!

तेवढ्यात तिने नाक वर-खाली करणारी दांडी पुढे रेटली. समोर नुसती जमीन दिसत होती, तरी तिने हात मागे घेतला नाही. पंखांखाली पुन्हा वारा भरला. आम्ही तरंगत आलो आणि दोन उड्या मारून पट्टीवर टेकलो.

मास्तर धापा टाकत पोहोचले. "नाक खाली घातलंस?"

"तुम्ही कानात ओरडत होतात ना!"

"मी तर इथे खाली होतो गं," म्हणत त्यांनी तोंड फिरवले.

मागोमाग आई आली. "परत जाणार आहेस वर?"

"उद्या जाईन, आई."

आईने आत डोकावून पाहिले. "मग ही उशी बदल. पार चेपली आहे." किती दिवसांनी ती लेकीशी बोलत होती!

पुढे मास्तर थकले, त्यांचे येणे थांबले. काट्यांच्या तबकड्यांऐवजी चकचकीत पडदे असलेली नवी विमाने आली आणि मी शेडमागे गेले. टायर बसले, इंजिनात पाखरांनी घरटे केले. मला कोणी हाकही मारीना. अखेर चिमणीच, आता केस पिकलेली, शिकवायला आली. तिने मला धुऊन वर्गात आणून ठेवले. मुले दांडी ओढतात, शेपटीची फळी कशी हलते ते पाहतात. "हे खटारं उडायचं?" असे म्हणून हसतात. हसू द्या.

एवढेच मागते, मित्रांनो. कितीही घाई असो, उडण्याआधी आपल्या विमानाभोवती एक फेरी मारा. कुठे दुखते, ते त्याला सांगता येत नाही. तुमचा हातच ते शोधू शकतो.