मागच्या लाल दिव्याची पोटदुखी

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. शाळेच्या पिवळ्या व्हॅनच्या पाठीवर, डाव्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो, उजव्या कोपऱ्यात माझ्या जुळ्या भावाचा. हेडलाइटबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून मी बोलायला बसलो आहे, पण ते काही जमेल असं वाटत नाही.

आम्ही दोघे एकाच दिवशी या गाडीला बसलो. तो तोंडाला, मी पाठीला. तेव्हापासून आमचे चालक काका रोज सकाळी मऊ फडक्याने त्याचा चेहरा पुसतात. बंपर, चाकं सगळं झालं की त्याच मळक्या फडक्याचा शेवटचा फटकारा माझ्या वाट्याला येतो. मुलांनी एकदा व्हॅनची चित्रं काढली. सगळ्यांनी हेडलाइट काढला, कुणी तर त्याला पापण्याही काढल्या. गाडीची मागची बाजू एकानेही काढली नाही.

त्याचं काम मोठं आहे, मान्य. तो रस्ता दाखवतो. पण इंडिकेटर? गाडी कुठे वळणार एवढंच सांगायचं, तर हा किती डोळे मिचकावतो! मुलं त्याच्या टिकटिकीवर टाळ्या वाजवतात. शेजारचा पांढरा दिवा गाडी मागे घेतानाच जागा होतो, एरवी दिवसभर झोपा काढतो, तरी त्याच्या दिमतीला पीं-पीं करणारी वाजंत्री आहे. मी मात्र काकांनी ब्रेक दाबला की लखकन पेटतो आणि मागच्या गाडीला सांगतो, आम्ही थांबतोय, तूही थांब. माझ्या गाडीतल्या कुणालाच ते दिसत नाही.

म्हणूनच माझी तपासणी एकट्याला जमत नाही. पाय ब्रेकवर असताना डोळे मागे कसे जाणार? त्यासाठी रोज सकाळी काकू चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहायच्या. काका ब्रेक दाबायचे आणि त्या म्हणायच्या, "लागले दोन्ही." एवढं ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा.

मग काकांनी हेडलाइटमध्ये नवे झगझगीत बल्ब घातले.

काकू म्हणाल्या, "अहो, समोरच्याचे डोळे दिपतील की."

"गाडी मी चालवतो की तू?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकू बाहेर आल्या नाहीत. हेडलाइटचा तोरा वाढला आणि माझे हक्काचे दोन शब्दही गेले. मी आतल्या आत जळत राहिलो.

त्यातच ब्रेकजवळचा स्विच बिघडला. काका ब्रेक दाबत होते आणि आम्ही मागचे दोघे मुके झालो होतो. ते पाहायला मागे कुणी नव्हतं.

एका सकाळी दाट धुकं पडलं. मागच्या बाकावर धाकटी मुलं पेंगत होती आणि आमच्यामागून पाण्याचा टँकर येत होता. एक आजोबा अचानक रस्त्यात उतरले. काकांनी ब्रेक दाबला. मी पेटलो नाही. टँकर तसाच येत राहिला. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो. मग त्याची चाकं करकरली, मला मागून धडक बसली आणि माझ्या अंगाला तडा गेला. मुलं दचकून उठली. नशीब, कुणाला खरचटलंही नाही.

टँकरवाला खाली उतरला. "भाऊ, थांबताना तुमचा दिवाच लागत नाही. मला कळायचं कसं?"

"लागतो की," काका म्हणाले. त्यांनी आत बसून पुन्हा ब्रेक दाबला. टँकरवाल्याने नकारार्थी मान हलवली. पुढे हेडलाइट धुक्यात ऐटीत झगमगत होता. त्याला यातलं काही ठाऊकही नव्हतं.

त्याच दिवशी काकांनी स्विच बदलून घेतला. ते झगझगीत बल्बही काढले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या सकाळी काका दारात घुटमळले. "अगं, जरा मागे उभी राहतेस?"

काकू चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. काकांनी ब्रेक दाबला. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून पेटलो.

"लागले दोन्ही," काकू म्हणाल्या. मग त्यांनी बाहीने माझा तडा पुसला. "आणि उद्या हाक मारू नका. मी येईनच."

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी निघण्याआधी जरा लांब, बाजूला उभे राहून मागचे दिवे बघा आणि दिसेल ते मोठ्याने सांगा. चालवणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत.

त्या सकाळी हेडलाइट तसाच धुळकट राहिला होता. "मागे काय चाललंय रे?" त्याने पुढून विचारलं.

मी त्याला काहीच सांगितलं नाही.