बादलीतले नटबोल्ट

मी ओहायोतल्या लोरेनच्या गॅरेजमधून बोलतेय. मी गाडी आहे. हसू नका. दारं भिंतीला टेकवलेली, सीटा माळ्यावर, इंजिन समोरच्या स्टँडवर, आणि उरलेली मी लोखंडी टेकूंवर चढवलेली. तरी गाडीच.

डेट्रॉइटात जन्मले तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं. मी सुरू झाले की शेजारच्यांच्या काचा थरथरायच्या. दोन-तीन मालक झाले, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ माझं डावं अंग खाऊन गेलं. मग लोरेनच्या नवऱ्यानं, डेलनं, मला घरी आणलं. "पूर्ण सुटी करतो आणि नव्यानं उभी करतो," म्हणाला. सुटी केली. उभी करायच्या आत त्याचंच हृदय थांबलं.

माणूस मात्र टापटिपीचा. प्रत्येक जागेचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिकटपट्टी, तिच्यावर जागेचं नाव. चर्चमधून आली की लोरेन कुरकुरत दिवा धरून उभी राहायची.

यंदा घर तापवायची भट्टी बंद पडली आणि थंडी तोंडावर आली. मला विकल्याशिवाय लोरेनला गत्यंतर नव्हतं. सल्ला द्यायला दीर हजर, वॉल्ट.

"वहिनी, टीव्हीवरच्या लिलावात अश्शीच गाडी नव्वद हजार डॉलरला गेली! आपण साठ मागू."

अश्शीच म्हणे! अरे, ती नटूनथटून स्वतःच्या चाकांवर मंचावर गेली. मी खोक्यांत भरलेय! साठ ऐकून लोक दारातूनच परत जायला लागले.

मग या शहाण्यानं कळस केला. गिऱ्हाइकाला नीटनेटकं दिसावं म्हणून डेलच्या सगळ्या पिशव्या एका बादलीत रिकाम्या केल्या आणि पिशव्या कचऱ्यात टाकल्या. "बघा वहिनी, किती सुटसुटीत झालं!" बंपर अंगावर असता तर तिथंच त्याच्या नडगीवर हाणला असता.

त्यानंतर क्लिंट आला. जुन्या गाड्या घेणारा. माझ्या अंगावर लोहचुंबक फिरवला. एका जागी चिकटला नाही.

"इथं पत्रा गंजून गेलाय, नुसती पुट्टी भरलीय, बाई. आणि ही बादली? कुठला बोल्ट कुठला, देवालाच ठाऊक. भंगार झालं हे. साडेचार हजार."

मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. माणसं न्याहाळायची खोडच आहे मला. ज्याला गाडी हवी असते तो आधी खाली वाकतो, बूड किती सडलंय ते बघतो. हा वाकलाच नाही. इंजिनावरच्या नंबरावर थुंकी लावून अंगठा फिरवला, वाचला आणि पटकन फडकं टाकलं. हे इंजिन आता शोधून सापडत नाही. ते काढून घेणार आणि मला भंगारात ढकलणार, लबाड!

लोरेनच्याही नजरेतून ते सुटलं नव्हतं.

"न्या साडेचारला," ती म्हणाली. "इंजिन मात्र इथंच राहील. भंगाराला कशाला हवं?"

"असं कसं, बाई!"

"का? वाकून बूडसुद्धा पाहिलं नाहीत. गाडी हवी होती कुणाला?"

त्याचे कान लाल झाले. "बरं, नऊ घ्या."

"एका दमात दुप्पट? मग मघाशी मला येडी समजला होतात होय? निघा!"

वॉल्ट पुटपुटला, "वहिनी, नऊ काही वाईट नव्हते..."

"भावोजी, ती बादली इकडे आणा. आणि तोंड बंद."

आता ती डेलचा कोट घालून बसलीय, बादली पुढ्यात. भट्टी अजून थंडच. "हा बंपरचा. हा दाराच्या बिजागरीचा, यालाच डेल शिव्या घालायचा." वॉल्ट मुकाट्यानं नवी पिशवी उघडून धरतो. काही बोल्ट तिला ओळखू येत नाहीत. ते एका बशीत बाजूला पडतात.

बाहेर पाटी लावलीय: अर्धवट गाडी. डावी बाजू गंजलेली. इंजिनासकट. चौदा हजार.

हा भाव मला मान्य आहे. उभी राहिल्यावर माझं जे मोल होईल त्यातून उरलेलं काम वजा करा, आणि ते काम अर्ध्यावर सोडायची तुमची धास्तीही. उरेल ती मी. त्याहून एक डॉलर जास्त नको. पण कुणाच्या तरी स्वप्नाचा भाव मला लावू नका, आणि भंगाराचाही नको.

या, गुडघे टेका, दिवा धरून माझं कुजलेलं अंग बघा, मग आकडा बोला. उभ्याउभ्या बोलाल, तर लोरेनच्या हाताशी ती बोल्टांची बशी आहे, फेकून मारायला.