एकच शब्द येणारी सुई

थांबा मित्रांनो, जवळ येण्याआधी खिसे रिकामे करा. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, केसांतली पिन, सगळं लांब ठेवा. राग मानू नका. मी एक जुनं होकायंत्र आहे, आणि लोखंड जवळ आलं की माझी सुई बहकते.

माझं अंग पितळेचं, डोळा काचेचा आणि काळजाच्या जागी एक बारीक सुई. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने ती सुई चुंबकावर घासली, तिला टोकावर अलगद बसवलं आणि म्हणाला, "जा बाबा, आता जन्मभर एकच शब्द बोल." तो शब्द म्हणजे उत्तर. दुसरा मला येत नाही. कुठेही न्या, कसंही फिरवा, मी थरथरतो, घुटमळतो आणि शेवटी तेच म्हणतो. लोकांना वाटतं, ही थरथर भीतीची. नाही मित्रांनो, ती संशयाची आहे. आपल्याला कुणी फितवत तर नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

मला एका जमीन मोजणाऱ्याने घेतलं. सगळे त्याला मोजणीदारच म्हणत. माझ्याकडे येताना तो किल्ल्या दहा पावलांवर दगडावर ठेवायचा. खुंट्या ठोकायला त्याच्याकडे लाकडी मोगरी होती, लोखंडी हातोडा नव्हता. काटेरी तारेचं कुंपण दिसलं की आम्ही दोघेही तोंड वाकडं करायचो. "मोजणीदाराची रेघ म्हणजे दगडावरची रेघ," असं लोक म्हणत आणि तो मला रुमालाने पुसत पुसत ते ऐकून घेई. वीस वर्षं आम्ही अशी काढली. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. माझा संशयी स्वभाव हळूहळू त्याच्यात उतरला. दूधवाल्याचं माप तो दोनदा बघे, दाराची कडी तीनदा.

घरात त्याची बायको होती, शाळेत भाषा शिकवणारी. आणि त्याच घराच्या पुढच्या खोल्यांत त्याची धाकटी बहीण राहायची. ती शिवणकाम करायची. केस पांढरे झाले तरी तो तिला चिमणीच म्हणे. तिचं शिलाई मशीन खिडकीशी होतं आणि काम करता करता ती गुणगुणायची,

सुई चाले पुढे पुढे, दोरा मागे मागे येई,
दोन फाटल्या कडांची एक शिवण गं होई.

मला ते ऐकून वाटायचं, हिच्या हातात सुई, माझ्याही पोटात सुई. पण माझ्या सुईमागे दोरा नाही.

वडिलांनी घर दोघांना वाटून दिलं होतं. पुढच्या खोल्या बहिणीच्या, तिच्या खिडकीपलीकडचं अंगण भावाचं. मधली रेघ तेवढी आखायची राहिली होती. ती आखायला एक दिवस दोघं अंगणात उतरली.

"चिमणे, हे पोटाशी धर. मी खुंट्या ठोकतो. आणि हलू नकोस."

"मला काय नाचायचंय का दादा?"

ती मशीनवरून तशीच उठून आली होती. अंगात कामाचा एप्रन, आणि एप्रनच्या खिशात घोड्याच्या नालेसारखं छोटं चुंबक. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायला ते तिच्याजवळ कायम असे, इतकं कायम की ते आहे हे तीही विसरली होती. मित्रांनो, मी जीव तोडून ओरडलो. म्हणजे मला येतं तेवढं, सुई वाकडी करून. कुणी पाहिलं नाही. रेघ तिरकी गेली आणि खुंट्या बसल्या.

"बरं झालं बाई," बहीण सहज म्हणाली, "खिडकीसमोर जरा जागा राहिली. उजेड येईल."

भिंत घालायच्या आधी भावाने एकट्याने मला हातात धरून पुन्हा मोजलं. रेघ खिडकीच्या चांगली दोन हात जवळ सरकली. त्याने तीन वेळा पाहिलं. मग खुंटीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मला जगात एकच दिशा ठाऊक, पण त्या दिवशी संशयाची सुई कुठे वळली ते मलाही कळलं.

"खुंटी काय पाय फुटून चालत गेली?" तो घरात येऊन म्हणाला.

"अहो, विचारा तरी वन्संना," बायको म्हणाली.

"चोराला विचारल्यावर चोर हो म्हणतो का?"

खिडकी उघडी होती. मशीन थांबलं.

"दादा," पलीकडून आवाज आला, "चोर म्हणालास मला?"

उत्तरादाखल दुसऱ्या दिवशी विटा आल्या.

विटांबरोबरच बहिणीचं एक बंद पाकीट आलं. "वकिलाची भाषा असेल आत," असं पुटपुटत त्याने ते न उघडता माझ्या पेटीत, माझ्या बनातीच्या मऊ लोकरी गादीखाली कोंबलं. भिंत कमरेइतकी झाली तेव्हा एक चिठ्ठी आली. ती मात्र उघडीच होती. तीन शब्द होते, "दादा, उत्तर कळव."

त्याचं तोंड लाल झालं. "मला? मला उत्तर कळव म्हणते? वीस वर्षं गावोगाव मी लोकांना उत्तर दाखवतोय, आणि ही टाके घालणारी मला दिशा विचारते! टोमणा आहे हा." त्या दिवशी त्याने गवंड्याला चार थर जास्त घालायला लावले. भिंत खिडकीच्या वर गेली.

पुढची पाच वर्षं मी टेबलाच्या खणात होतो. लोक आता फोनवर दिशा बघू लागले होते, त्यामुळे मला कुणी हाक मारली नाही. पितळेवर हिरवा डाग चढला. भिंतीपलीकडे बहीण भर दुपारी दिवा लावून शिवायची. गाणं थांबलं होतं. दोघांचा अबोला उत्तरोत्तर वाढत गेला, आणि मी ज्यावर झोपलो होतो ते पत्र कुणीच वाचलं नाही.

मग एक दिवस वहिनींनी, म्हणजे मोजणीदाराच्या बायकोने, मला खणातून काढलं. शाळेत मुलांना 'एक शब्द, अनेक अर्थ' हा धडा शिकवायचा होता. दुपारी घरी आल्यावर त्यांनी मला टेबलावर उघडंच ठेवलं. भाऊ कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता. तेवढ्यात बहीण दारात आली. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "वहिनी, उद्या निघते. मुलीकडेच राहीन आता. मशीन बांधून ठेवलंय. इथे डोळे साथ देत नाहीत."

ती टेबलाला टेकली. अंगात तोच एप्रन. माझी सुई गर्रकन तिच्याकडे फिरली.

वर्तमानपत्र खाली आलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला, तेही काय, तर, "मागे हो."

"जातेच आहे की मी!"

"तसं नाही. दोन पावलं मागे हो... आता पुढे ये... परत मागे."

"वहिनी, याला काय झालंय? मला नाचवतोय का हा?"

"खिशात काय आहे तुझ्या?"

"आता माझ्या खिशावरही संशय?" तिने रागारागाने खिसा टेबलावर उलटा केला. रीळ, खडू, बोटात घालायचं टोपण आणि चुंबक. चुंबक माझ्या काचेवर येऊन आदळलं. मला भोवळ आली मित्रांनो, पण ती सुखाची होती.

मोजणीदार निरुत्तर झाला. त्याने ते चुंबक उचलून लांब ठेवलं आणि माझी सुई पुन्हा उत्तरेकडे वळली. मग माझंच काही बिघडलं नाही ना म्हणून त्याने मला पेटीतून उचललं, तर खालची बनात सरकली आणि पाकीट बाहेर आलं.

"हे उघडलंच नाहीस?" बहिणीने पाकिटाची बंद कड चाचपली.

वहिनींनी ते फोडलं आणि वाचलं, "दादा, खुंटीला मी हात लावला नाही. जागा तुझी निघाली तर तुझीच. फक्त भिंत खिडकीच्या खाली ठेवशील का? उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, त्यात काळ्या कापडावरचा काळा टाकाही दिसतो. तेवढा मला राहू दे."

"मग ती चिठ्ठी..."

"या पत्राचं उत्तर मागितलं होतं. तू काय समजलास?"

"मला वाटलं... तू मला दिशा शिकवतेस."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आज सकाळीच फळ्यावर लिहिलं. उत्तर म्हणजे दिशा, उत्तर म्हणजे जबाब, आणि उत्तर म्हणजे नंतरचं. चाळीस पोरं पास झाली आणि घरातला एकटा नापास!"

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "चिमणे, पाच वर्षांनी दिलेलं उत्तर चालतं का गं?"

ती डोळे पुसत म्हणाली, "ऐकलंस ना वहिनी काय म्हणाल्या? उत्तर म्हणजे नंतरचंच."

तो जागचा उठला. ज्या लोखंडी हातोड्याला तो जन्मभर शिवला नव्हता, तो शेजाऱ्याकडून मागून आणला आणि भिंतीचे वरचे थर एकेक करून उतरवू लागला. दहावी वीट निघाली तशी उजेडाची एक पट्टी खोलीत उतरली आणि दोरीने बांधलेल्या मशीनवर जाऊन बसली. बहीण आत आली. तिने मशीनजवळ बसून दोरीची गाठ शोधली, आणि दातांनी सोडली.

आता मी तिच्या खिडकीत असतो, मशीनपासून चांगला चार हात लांब. हो, एवढा भरवसा अजून कुणाचा नाही! ती गुणगुणते आणि मी तिच्या एप्रनवर नजर ठेवतो.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, मला लोखंडापासून जपा. आणि कधी तुमच्या मनातली सुई आपल्याच माणसाकडे वळली, तर खुंट्या ठोकण्याआधी एवढं विचारा की त्याच्या खिशात काय आहे. त्याचं पत्र आलं असेल तर ते उघडा. मला तर एकच शब्द येतो. तुम्हाला पुष्कळ येतात, तरी तो एक वेळेवर द्या.