जीभ काढलेली घंटा

मी घंटा. बोलतेय, पण जीभ नाही. आतला लोलक काढून घेतलाय. म्हणून थोडक्यात सांगते. मला भीती वाटतेय.

पूर्वी मी खारदांड्याच्या एका होडीवर होते. धुक्यात दुसरी होडी अंगावर येऊ नये म्हणून मला वाजवत. तेव्हाही इतकी भ्याले नव्हते.

होडी मोडली. भाऊरावांनी मला घेतलं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात ते कॉम्प्युटरचे प्रोग्राम करून विकत. मला दारात टांगून त्यांनी नियम केला. ज्याला चूक सापडेल त्याने घंटा वाजवायची. घंटा वाजली की सगळ्यांनी कीबोर्डच्या कळांवरून हात उचलायचे. चूक निघेपर्यंत दुसरं काम नाही. वाजवणाऱ्याला चहाचा पहिला कप, मग चूक त्याचीच का असेना.

तिथे काम करणारी सुगंधा सगळ्यांत जास्त वाजवायची.

"आज परत तूच? चहा पिऊन काळी होशील गं!" शेजारच्या टेबलावरची जया म्हणायची.

"होऊ दे. तू आधी तुझी बेरीज नीट कर."

माल चोख होता. धंदा वाढला. कंपनी अंधेरीला मोठ्या इमारतीत गेली. भाऊराव वारले. त्यांच्या जागी चंद्रप्रकाश साहेब झाले. गिऱ्हाइकासमोर मी वाजले की त्यांचं तोंड उतरायचं. त्यांनी नवा नियम काढला. ज्याच्या टेबलावर चूक सापडेल, त्याची बढती अडणार.

झालं. चुका सापडायच्या थांबल्या. कमी झाल्या नाहीत, सापडायच्या थांबल्या. जया नोकरी सोडून गेली. दसऱ्याला मला घासलं, हार घातला आणि गुपचूप लोलक काढला. साहेब म्हणाले, "नुसती शोभा राहू दे."

मग माहुलच्या एका कारखान्याचं काम आलं. अ‍ॅसिडची टाकी किती भरली ते पडद्यावर दाखवायचं, काठाशी आली की भोंगा द्यायचा. सुगंधाचा धाकटा भाऊ बाळा त्याच टाकीवर कामाला.

आज दुपारी तिने प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला. टाकी काठोकाठ झाली की आकडा शून्यावर पडत होता. भोंगा गप्प. भरलेली टाकी रिकामी दिसत होती.

ती धावत साहेबांकडे गेली.

"प्रोग्रामची फ्लॉपी सकाळीच कारखान्यात गेली. आज चालू होतंय. पुढच्या खेपेला सुधारू."

"साहेब, आत अ‍ॅसिड आहे! वर माणसं आहेत!"

"टेबल तुझंच आहे ना? मग बढतीचं बघ."

ती माझ्याकडे आली. दोरी ओढली. मी हलले, आवाज नाही. तिने माझ्या पोटात वाकून पाहिलं. मग जेवणाचा स्टीलचा डबा उचलून तिने मला हाणलं.

टण्ण!

सगळ्या मजल्याने ऐकलं. एकही हात उचलला गेला नाही. माना आणखी खाली गेल्या. कळा जोरात वाजू लागल्या.

तिने कारखान्यात फोन फिरवला. "बाळाला बोलवा, लवकर! बाळा, आयक मरे! पडद्यावर शून्य दिसलं तर टाकी रिकामी समजू नको. भरायचा व्हॉल्व्ह उघडू नको. वर चढून आधी... हॅलो? हॅलो?"

फोन तुटला. परत लागेना. ती तशीच माहुलला जायला जिना उतरली.

आता संध्याकाळ होतेय. चेपलेला डबा माझ्याखाली पडलाय. कोणी उचलला नाही. फोनही वाजत नाही. बाळाने किती ऐकलं, कोण जाणे. जीभ असती तर धुक्यातल्यासारखी ओरडले असते.

तुमच्याकडेही एखादी घंटा असेल. बरेच दिवस वाजली नाही म्हणून खूश होऊ नका. आधी आत हात घालून बघा, लोलक आहे का.